सर्वनामांचा मान

इंग्रजीतली सर्वनामं मुळात भांडणं टाळण्यासाठी निघाली असावीत, असं माझं बी.ए.ला असताना मत होतं. नाव घेतलं की माणूस अंगावर येतो. 'तो', 'ती', 'कुणीतरी' म्हटलं की कुणाच्याच अंगाला लागत नाही. इतकी सोयीची वस्तू हातात घेऊन मी एक अख्खं गाव एकमेकांच्या उरावर बसवलं, आणि तेही शाळेच्या वेळेत.

गावाचं नाव देत नाही. बाजार आर्णीचा करणारं आणि नवस कळंबच्या चिंतामणीला बोलणारं गाव, एवढंच सांगतो. तिथले लोक छापलेलं वाचतात, हे मला फार उशिरा कळलं.

साल एकोणसाठ. आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. म्हणजे मुलूख होता तिथेच होता, कागद तेवढे हिंडत होते. त्या हिंडणाऱ्या कागदांत माझी नेमणूकही कुठेतरी होती. जनपद सभेच्या शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवत होतो, पण 'हंगामी' म्हणून. हंगामी मास्तराला गाव कसं वागवतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही. न्हावी अर्धी दाढी झाल्यावर विचारतो, "मंग, जानार कवा?" आमच्या इंदूबाई तर माहेरी पत्र धाडताना आमचा पत्ता पेन्सिलीनं लिहीत.

अशात निरोप आला. पोळा झाल्यावर डेपुटी इन्स्पेक्टर साहेब येतील, माझा आदर्श पाठ बघतील, आणि पसंत पडला तर मला कायम करतील. नाही पडला तर काय, हे निरोप्यानं सांगितलं नाही. नुसती मान हलवली आणि पाणी मागितलं.

आमचे हेडमास्तर नागोराव हे अत्यंत जपून जगणारे गृहस्थ. शाळेची घंटासुद्धा ते दोनदा विचार करून वाजवायला सांगत. ते म्हणाले, "विषय निरुपद्रवी घ्या. गाय घेऊ नका, त्यात राजकारण येतं. राजा-राणी घेऊ नका, आता लोकशाही आहे. सर्वनाम घ्या. सर्वनामानं आजवर कुणाचं वाईट केलंय? आणि साधन पाहिजे, मास्तर, साधन! हल्ली साहेब लोक पाठ बघतच नाहीत, साधन बघतात."

साधन म्हणून मी पाट्या करायच्या ठरवल्या. एकेका सर्वनामाची एकेक पाटी, ती पोराच्या गळ्यात. पोरं जिवंत सर्वनामं होऊन ओळीत उभी राहतील. पुरुषवाचक एकीकडे, दर्शक एकीकडे, प्रश्नार्थक, संबंधी, आत्मवाचक, परस्परवाचक आपापल्या जागी. साहेब चकित होतील. (साहेब चकित झाले, एवढं आधीच सांगून ठेवतो.) किराणा दुकानातून चहाच्या खोक्यांचे पुठ्ठे आणले आणि त्यावर पांढरा कागद डकवण्यासाठी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायला सांगितली.

"एवढ्या पिठाच्या भाकरी झाल्या असत्या," इंदूबाई म्हणाल्या. "त्या कुणीतरी खाल्ल्या तरी असत्या."

"हे शैक्षणिक साधन आहे."

"हो, म्हणूनच म्हणते."

पाट्या झाल्या आणि मी त्या वर्गात वाटल्या. कुठल्या तत्त्वावर वाटल्या? कुठल्याच नाही. जो जसा बसला होता त्याच्या गळ्यात तशी घातली. इथेच घात झाला. आमच्या जिल्ह्यात कुठलीही गोष्ट 'जो जसा बसला तशी' वाटायची नसते. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात, त्यात पहिली जोडी कुणाची, दुसरी कुणाची, हे ठरलेलं असतं. त्याला मान म्हणतात. आमच्या गावात पहिला मान बबनरावांच्या जोडीचा. का, ते कुणालाच माहीत नाही, आणि माहीत नसल्यामुळे ते कुणाला बदलताही येत नाही.

दिवेलागणीच्या आत बबनराव माझ्या ओट्यावर हजर.

"मास्तर, माह्या पोराले काय देलं तुमी?"

"'इट' दिलंय. पुरुषवाचक सर्वनाम आहे, तृतीय..."

"पुरुषवाचक नका सांगू मले. मी तलाठ्याले इचारून आलो. 'इट' म्हंजे ढोर, गाडगं, गोटा. ज्याले वाचा नाई ते. माह्या घरचं पोरगं गोटा हाये का?"

त्या पोराला मी वर्षभर इंग्रजी शिकवत होतो. पण खरं उत्तर देण्याची ती वेळ नव्हती.

"अन् डोमाजीच्या पोराले 'आय'! म्हंजे 'मी'! बाकीच्याइची पयली अक्षरं मोठी अन् मांगून बारीक शेपूट. हा एकटाच ताडावानी उभा!"

"इंग्रजांची तशी पद्धत आहे, बबनराव."

"इंग्रज गेले ना?"

 

बबनराव उठले आणि डोमाजी आला. डोमाजी आर्णीच्या कापसाच्या जिनात मुकादम होता. धुतलेला सदरा, गळ्यापर्यंत बटणं. 'बसा' म्हणण्याची वाट न पाहता तो बसला. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्याच्या आळीतल्या लोकांनी पोळ्याला वाजवायचं सोडलं होतं आणि ओट्यावर बसायला सुरुवात केली होती. गावाला पहिली गोष्ट जास्त टोचली की दुसरी, हे मला कधी समजलं नाही.

"मास्तर, गोविंदाचा 'आय' काढून राह्यले म्हने?"

"अजून काही ठरलं नाही."

"काढाचा तं काढा. पन मंग 'दे' देऊ नका." डोमाजी हसून म्हणाला. "लय पिढ्या आमी 'ते लोक' होतो. आड बाटला, ते लोक. ढोर मेलं, बलवा ते लोक. आता सोताच्या हातानं पोराच्या गयात तेच बांधू का?"

तो हसत होता म्हणून मीही हसायला गेलो, जमलं नाही.

"अन् खरं इचारान तं राहूच द्या त्याच्यापाशी," जाताना तो म्हणाला. "पाटी घालूनच जेवला पोरगा. माय म्हने काढ बाप्पा, डाळ सांडन. नाई म्हने."

तिसरे आले बंजाऱ्यांच्या तांड्याचे नाईक देवसिंग. मोठा लाल फेटा, आणि मागे तांड्यातली सगळी कर्ती माणसं. ते आत आले नाहीत. अंगणात कोंडाळं करून बसले, कारण तांड्याचं बोलणं कोंडाळ्यातच होतं. त्यांचं म्हणणं दोन कलमी होतं. एक, तांड्याचं पोरगं एकटं उभं राहत नसतं, तेव्हा 'वुई' तांड्याला मिळावा. आणि दोन, त्यांचे पुतणे भावसिंग आणि डोंगरसिंग यांना मी 'ईच अदर'ची पाटी दोघांत मिळून दिली होती.

"'ईच अदर' म्हंजे एकमेकाले, खरं ना?" नाईकांनी विचारलं.

"बरोबर. परस्परवाचक."

"त्याइचे बाप वावराच्या धुऱ्यावरून भांडले. दोन साल झाले, पोरं एकमेकाशी बोलत नाई. मंग त्याइलेच काहून देलं?"

"मला ठाऊक नव्हतं."

"मास्तर, शिकवाच्या आंधी इचारत जा."

यानंतर गावात दुसरा विषय राहिला नाही. पारावर, पिठाच्या गिरणीत, चहाच्या टपरीवर सर्वनामच. ज्यांना स्वतःची सही करता येत नव्हती ते 'हू' या शब्दाला दोन धंदे आहेत, असं एकमेकांना समजावून सांगू लागले: एक प्रश्न विचारायचा, दुसरा दोन वाक्यं जोडायचा. गिरणीवाला म्हणाला, "मंग हा तं आपला तलाठीच झाला." 'दिस' जवळचं आणि 'दॅट' दूरचं हे कळल्यावर गावाच्या त्या टोकाच्या मंडळींनी 'दॅट' परत केलं, आम्हाला दूरचं समजता काय, म्हणाले. 'नोबडी'ची पाटी तर ज्याच्या दारात टाकली त्यानं ती रात्रीतून दुसऱ्याच्या दारात टाकावी, असं चाललं. पोरांना यातलं काही विचारू नका. पोरं विटीदांडू खेळत होती.

'शी'ची अडचण निराळीच. आठवीत मुलगी नव्हती, आणि मुलगा 'शी' व्हायला तयार नव्हता. तेव्हा उकंडा पुढे आला. उकंडा हा चाळिशीचा सुतार, पण दंडारीच्या खेळात बाईचं सोंग तोच घ्यायचा. गेली कित्येक वर्षं गावातली सर्वांत सुंदर बाई उकंडाच, असं जाणकार सांगत.

"मी होतो 'शी'," तो म्हणाला. "मिशी काढतो. पन लुगडं मास्तरणीबाईनं देवावं. माह्या घरचं फाटलं."

मी इंदूबाईंकडे पाहिलं. इंदूबाई म्हणाल्या, "निळं देईन. हिरवं देणार नाही." माझ्या अब्रूचा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही.

शेवटी पंचायत बसली. मी कोपऱ्यात बसलो होतो. नागोराव माझ्यापासून जरा अंतर ठेवून बसले होते, उद्या साहेबांनी विचारलंच तर सांगता यावं म्हणून. बराच आरडाओरडा झाल्यावर पहिला ठराव झाला की 'इट' ही पाटी कोणत्याही मनुष्यमात्रास देण्यात येऊ नये.

"मग 'इट' कुणाला?" मी विचारलं. "पाठात ती लागणार आहे."

मग बबनरावांच्याच डोळ्यांत चमक आली.

"बैलाले द्या."

"काय?"

"माह्या बैलाले. धवळ्याले. ढोरासाठी हाये म्हनता ना? मंग ढोरालेच द्या. पन धवळ्या पुढं राहीन. पोळ्यासारका. त्याच्या मांगं कोन उभं राहते, आय का माय, माहं काई म्हननं नाई."

डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. अशा रीतीनं गोविंदाला 'आय' मिळाला, बबनरावांच्या पोराला 'यू', तांड्याला 'वुई', आणि माझ्या आदर्श पाठाला बैल. 'दे' कुणीच घेतलं नाही. एकेकानं नाकारलं, आणि नाकारताना प्रत्येकजण डोमाजीसारखंच काहीतरी बोलला. आपल्यालाही कुणीतरी 'ते लोक' म्हणतं, हे त्या दिवशी पुष्कळांच्या ध्यानात आलं असावं. ती पाटी फळ्याला टेकवून ठेवायची ठरली.

घरी आल्यावर इंदूबाईंनी विचारलं, "नुसतं फळ्यावर लिहून दिलं असतं तर?"

मी जेवलो नाही.

पाठाच्या दिवशी साहेबांची जीप शाळेच्या फाटकाशी थांबली ती पुढे आलीच नाही, कारण फाटकात आंब्याच्या पानांचं तोरण होतं आणि तोरणाखाली बैल होता. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, गळ्यात घागरमाळ आणि घागरमाळेच्या वर 'इट'. शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. काहींनी दशम्या बांधून आणल्या होत्या.

साहेब खाली उतरले. सडपातळ, चष्मेवाले, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. त्यांना वाटलं, स्वागत आहे. त्यांनी बैलाला नमस्कार केला. मग त्यांची नजर निळ्या लुगड्यातल्या उकंडावर गेली. उकंडानं पदर सावरून मान खाली घातली.

"बाई, तुम्ही उन्हात का उभ्या? बसा ना," साहेब म्हणाले.

"बसते जी," उकंडा म्हणाला आणि साहेबांसाठी मांडलेल्या खुर्चीवर बसला. दुसरी खुर्ची आणेपर्यंत नागोराव पार वाळून गेले.

पाठ मैदानातच सुरू झाला, कारण बैल वर्गात मावत नव्हता. ओळ झकास लागली होती. मी गळा साफ केला आणि एरवी पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोराला विचारलं, "'हू' हे कोणत्या प्रकारचं सर्वनाम?"

पोरगं आढ्याकडे बघू लागलं. आढं नव्हतं, तरी बघू लागलं. दुसरं पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागलं. तिसऱ्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. माझं कायम होणं मला डोळ्यांदेखत जीपमध्ये जाऊन बसताना दिसलं.

"प्रश्नार्थक!" कुंपणापलीकडून आवाज आला. गिरणीवाला होता. "अन् दोन वाक्यं जोडली का संबंधी!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?"

"शाळेत नाई गेलो जी. भांडन झालं तवा समजलं."

साहेबांना गंमत वाटू लागली. त्यांनी पोरांना सोडलं आणि कुंपणाला विचारायला सुरुवात केली. 'मायसेल्फ'? "आत्मवाचक!" 'समबडी'? "अनिश्चित!" 'दॅट'? यावर थोडी चकमक झाली, कारण 'दॅट' परत केलेली मंडळी हजर होती. भावसिंग आणि डोंगरसिंग एका पुठ्ठ्याची दोन टोकं धरून पाठीला पाठ लावून उभे होते, देवसिंग नाईकांनी लांबूनच खुलासा केला, "परस्परवाचक हाये साहेब, पन सध्या बोलचाल बंद हाये." साहेब मोठ्यानं हसले. माझ्या जिवात जीव आला. नागोराव एक पाऊल सरकून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

आणि मग साहेबांना हुक्की आली. शाबासकी देऊन माणसानं जावं, पण नाही. ते उठले, कोट झटकला आणि म्हणाले, "वा! आम्हालाही एक पाटी द्या, मास्तर. आम्हीही तुमच्या ओळीत उभे राहतो."

टाळ्या पडल्या. मी मैदानात आणून ठेवलेल्या फळ्याकडे वळलो. एकच पाटी शिल्लक होती, 'दे'. तीही पुरती शिल्लक नव्हती. धवळ्या तिच्यावरची ज्वारीची खळ शांतपणे चाटत होता आणि अर्धा पुठ्ठा त्याच्या तोंडात होता.

"ही... ही जरा ओली झालीय," मी म्हणालो.

साहेबांनी ओळीवरून नजर फिरवली. "मग ती द्या. ती उंच अक्षराची. थोडा वेळ घालतो, इतकंच."

टाळ्या थांबल्या.

गोविंदा आज्ञाधारक मुलगा. त्यानं पाटीची सुतळी मानेवरून वर घेतली, कानापर्यंत आणली आणि माझ्याकडे पाहिलं. डोमाजी कडुनिंबाला टेकून उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. जीपच्या चाकाकडे बघत होता, जणू त्यात काहीतरी बिघाड आहे. मला फक्त 'दे बाळ' म्हणायचं होतं, की मी कायम. खिळे ठोकता आले असते. पत्ता शाईनं लिहिता आला असता. आणि साहेब पाटी परत देणारच होते. थोड्या वेळाचा तर प्रश्न.

मी बी.ए. झालेला माणूस. अशा वेळी काहीतरी बाणेदार बोलायचं असतं, हे मला वाचून माहीत होतं. माझ्या तोंडून निघालं, "साहेब, ती... ती वापरात आहे."

"म्हणजे?" साहेबांचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"म्हंजे मान ठरला हाये, साहेब!"

हे मी बोललो नव्हतो. बबनराव बैलाचा कासरा धरून पुढे आले होते.

"या 'आय'साठी मी सोता भांडलो. गाव डोक्यावर घेतलं. नाई भेटला. पंचायतीत ठरलं, पुढं धवळ्या, मांगं 'आय', अन् 'आय' डोमाजीच्या पोराचा. ठरल्यावर मले नाई भेटला, तं तुमाले कसा भेटन?"

"अहो, मी डेपुटी इन्स्पेक्टर..."

"तुमी असान जी. मान तुमाले जीपमंदी हाये. वळीत नाई."

"तांड्याचं बी हेच म्हननं हाये," देवसिंग नाईक फेटा नीट करत म्हणाले.

"मी पन हेच म्हन्ते," उकंडा खुर्चीवरून लाजत म्हणाला.

गोविंदानं सुतळी हळूच खाली सोडली. पाटी छातीवर आपटल्याचा टप असा आवाज झाला. साहेबांनी फाउंटनपेनाचं टोपण लावलं आणि त्यांच्यासाठी केलेला चिवडा न खाता ते जीपमध्ये बसले. जीप सुरू झाल्यावर नागोराव मोठ्यानं म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो, साधन नको म्हणून."

संध्याकाळी डोमाजी आला. बसला. म्हणाला, "मास्तर, तुमचं कायम व्हाचं..."

"कठीण आहे."

"जिनात तोलाईवर मानूस पाह्यजे. मी शेठशी बोलू का? काम बेकार नाई. उन्हात नाई रावा लागत."

इंदूबाईंनी त्याला चहा दिला आणि मला विचारलं, "तोलाईला इंग्रजी लागत नाही ना?" लागत नाही म्हटल्यावर त्यांना बरंच हायसं वाटलेलं दिसलं.

मी वाट बघत राहिलो. कपाशी फुटली, दिवाळी गेली. बदलीचं गाव फुलसावंगी आहे, अशी बातमी न्हाव्यानं आणली. मग दुसरंच गाव आणलं. आणि एका सकाळी नागोराव स्वतः, घंटा न वाजवता, कागद घेऊन घरी आले. त्यांचा चेहरा असा होता की मी आधी खाली बसलो.

त्यात लिहिलं होतं: 'सदरहू शिक्षकाने सर्वनाम हा विषय ज्या थरास नेला आहे तो आम्ही समक्ष पाहिला. पुढे क्रियापद शिल्लक आहे हे लक्षात घेता, त्यांस अन्य कोणत्याही गावी पाठविणे खात्याच्या हिताचे होणार नाही. सबब त्यांस याच शाळेत कायम करण्यात यावे.'

मी ते पुन्हा वाचलं. त्यात गौरव कुठे आहे ते शोधत होतो.

"कायम केलं ना?" इंदूबाई म्हणाल्या. "मग कारण कशाला वाचता?"

आर्णीहून पेढे आणले. अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, चपला पायांत सरकवल्या. इंदूबाई डबा घेऊन दाराशी उभ्या होत्या. डावीकडे बबनरावांचा वाडा, उजवीकडे डोमाजीची आळी, समोर तांड्याची वाट; आणि तिन्हीकडची माणसं आपापल्या दारात उभी राहून आमच्या दाराकडे बघत होती.

"पहिला कुणाकडे?" इंदूबाईंनी विचारलं.

मी चपला काढल्या आणि आत येऊन बसलो.